बे एरियात मत कुणाला पडतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल आलेल्या पत्रांत सर्वांत मोठा गठ्ठा कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को आणि सिलिकॉन व्हॅलीबद्दलचा, म्हणजेच बे एरियाबद्दलचा होता. काही पत्रं तिथे राहणाऱ्यांची आहेत, काही इथे बसून मुलाबाळांची काळजी करणाऱ्यांची. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

"बे एरिया हा डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. निकाल आधीच ठरलेला असेल तर तिथल्या निवडणुकीत बघण्यासारखं उरतं काय?" — वाचक, पुणे

अध्यक्षपदापुरतं विचाराल तर खरंच काही उरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०२० साली बायडेन यांना ८५ टक्के मतं पडली, ट्रम्प यांना १३ टक्क्यांच्या आत. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना ८० टक्के. बे एरियात एकूण नऊ काउंट्या, म्हणजे जिल्हे. त्यांतली सर्वांत कमी निळी (निळा रंग डेमोक्रॅटांचा, लाल रिपब्लिकनांचा) सोलानो, पण तिथेही २०२० मध्ये बायडेन यांना ६४ टक्के मिळाले. या नवांपैकी एखाद्या काउंटीने रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला शेवटची साथ दिली ती १९८८ मध्ये, नापाने.

गंमत मतपत्रिका उलटल्यावर सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदाराला अध्यक्ष, खासदार, महापौर यांच्याखेरीज राज्याचे १० आणि शहराचे १५ असे २५ प्रस्ताव, म्हणजे जनतेने थेट 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे प्रश्न, सोडवायचे होते. चोरी आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढवणारा राज्याचा प्रस्ताव ३६ घ्या. डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम यांचा त्याला विरोध होता. तो राज्यभरात ६८ टक्क्यांनी मंजूर झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोतही त्याला स्पष्ट बहुमत मिळालं. म्हणजे त्याच दिवशी, त्याच पेनाने हजारो लोकांनी वर हॅरिस यांचा गोल काळा केला आणि खाली 'शिक्षा कडक करा' म्हणून सांगितलं.

हे एकदाच घडलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहराने शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मुदतीआधी घरी पाठवलं. त्याला तिकडे 'रिकॉल' म्हणतात. साथीमुळे शाळांना कुलूप असताना मंडळ ४४ शाळांची नावं बदलण्याच्या चर्चेत गुंतलं होतं. लोवेल या नावाजलेल्या हायस्कूलचे गुणांवरचे प्रवेश बंद करून सोडत आणली, तेव्हा चिनी वंशाचे पालक पेटून उठले. तिघांच्याही विरोधात दोन-तृतीयांशांहून जास्त मतं पडली. त्याच जूनमध्ये जिल्हा सरकारी वकील चेसा बुडीन यांना ५५ टक्क्यांनी हटवलं. यांतलं कुणीही रिपब्लिकन नव्हतं, आणि त्यांना हटवणारे मतदारही बहुतांशी डेमोक्रॅटच.

म्हणून तिथे पक्षापेक्षा गट बघायचा: 'प्रोग्रेसिव्ह' आणि 'मॉडरेट'. दोघेही डेमोक्रॅट. पहिल्यांचा भर भाडेकरूंचं संरक्षण, कामगार संघटना, पोलिसांवर लगाम, श्रीमंतांवर जादा कर यांवर. दुसऱ्यांचा भर नवी घरं झटपट बांधणं, रस्त्यावरचा बंदोबस्त, धंद्याला मोकळीक यांवर. मात्र ही दुफळीही सगळीकडे लागू पडत नाही. जोएल एनगार्डियो हे नगरपर्यवेक्षक (आपल्याकडच्या नगरसेवकासारखे) २०२२ मध्ये मॉडरेट लाटेवर सनसेट भागातून निवडून आले. पुढे समुद्रालगतचा 'ग्रेट हायवे' हा रस्ता गाड्यांना बंद करून तिथे बाग करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराने तो सुमारे ५५ टक्क्यांनी मंजूर केला, पण रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या सनसेटवाल्यांनी तो जोरात नाकारला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी आपल्याच प्रतिनिधीला रिकॉल केलं. डावं-उजवं राहिलं बाजूला, भांडण गाडी कुठून न्यायची यावर झालं!

"सिलिकॉन व्हॅली पहिल्यापासूनच डेमोक्रॅट होती का?" — वाचक, सनीवेल

अजिबात नाही. १९५२ ते १९८८ या काळात १९६४ चा अपवाद सोडला तर कॅलिफोर्निया दर वेळी रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे गेली. निक्सन आणि रेगन हे तर तिथलेच. खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत १९६४ च्या जानेवारीपर्यंत जॉर्ज क्रिस्टोफर हे रिपब्लिकन महापौर होते. सांता क्लारा काउंटी १९८४ मध्ये रेगनकडे होती आणि टॉम कॅम्पबेल हे रिपब्लिकन खासदार २००० च्या अखेरीपर्यंत सिलिकॉन व्हॅलीचं प्रतिनिधित्व करत होते. कराच्या बाबतीत हात आखडता आणि गर्भपात, पर्यावरण यांबाबत मोकळा, अशी ही रिपब्लिकन जात होती. तुमच्या सनीवेलमध्ये लॉकहीडचा क्षेपणास्त्रांचा मोठा कारखाना होता. शीतयुद्धाच्या काळात संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर पोसलेला मोठा मध्यमवर्ग तिथे राहायचा.

शीतयुद्ध संपलं, कंत्राटं आटली, त्यांच्या जागी सॉफ्टवेअर आणि आशियातून आलेली माणसं आली. १९९४ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या सरकारी सोयी बंद करणारा प्रस्ताव १८७ रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी उचलून धरला. तो राज्यात मंजूर झाला, पण स्थलांतरित मतदार पक्षापासून दुरावला. शिवाय देशपातळीवर पक्ष जसजसा दक्षिणेकडच्या राज्यांच्या पुराणमतवादी वळणाने गेला, तसतसे इथले शिकलेले, सुखवस्तू रिपब्लिकन गळत गेले. अगदी शेवटचा बुरूज होता सॅन रमोन, डब्लिन, प्लेझंटनचा पट्टा, जिथे आज दर दोन गल्ल्यांआड मराठी घर सापडतं. तिथून कॅथरिन बेकर या रिपब्लिकन २०१४ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या आणि २०१८ मध्ये पडल्या.

सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कलीचा डावेपणा मात्र जुना आणि वेगळ्या मुळांचा: १९३४ चा गोदी कामगारांचा संप, १९६४ मधली बर्कलीची विद्यार्थी चळवळ, १९७७ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या हार्वी मिल्क यांची नगरपर्यवेक्षक म्हणून निवड. आणि सगळा बे एरिया एका सुरात गातो असंही नाही. २००८ मध्ये समलिंगी विवाह बंद करणाऱ्या प्रस्ताव ८ ला सॅन फ्रान्सिस्कोत ७५ टक्क्यांनी विरोध केला. पुलापलीकडच्या सोलानोने त्याला बहुमत दिलं.

"नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दोन्ही उमेदवार डेमोक्रॅट कसे? छपाईची चूक समजलो होतो." — वाचक, फ्रीमाँट

चूक नाही. प्रस्ताव १४ हा २०१० मध्ये मंजूर झाला आणि २०१२ पासून राज्यात 'टॉप टू' पद्धत लागू आहे. प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात, कुणीही कुणालाही मत देऊ शकतो, आणि पहिले दोघे नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. अध्यक्षपदाला हे लागू नाही.

तुमचाच खासदारकीचा १७ वा मतदारसंघ याचं ठळक उदाहरण आहे. २०१४ मध्ये माइक होंडा आणि रो खन्ना, दोघेही डेमोक्रॅट, नोव्हेंबरात समोरासमोर आले. होंडा सुमारे ५२-४८ ने तरले. २०१६ मध्ये पुन्हा तीच जोडी, आणि या वेळी खन्ना सुमारे ६१ टक्के घेऊन आले.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, एकाच पक्षाचे फार उमेदवार उभे राहिले की मतं फुटतात आणि नोव्हेंबरात कोण पोचतं ते थोडक्या मतांवर ठरतं. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या १६ व्या मतदारसंघात सॅम लिकार्डो पहिले आले आणि दुसऱ्या जागेसाठी इव्हान लो आणि जो सिमिटियन यांना नेमकी ३०,२४९ मतं पडली. कायद्यानुसार बरोबरी असेल तर दोघेही पुढे जातात, म्हणजे नोव्हेंबरात तिघे. मग फेरमोजणी मागितली गेली आणि आकडे झाले ३०,२६१ आणि ३०,२५६. पाच मतांनी सिमिटियन बाहेर. दुसरी अडचण रिपब्लिकन मतदाराची: नोव्हेंबरात त्याचा उमेदवारच नसतो, त्यामुळे अनेक जण तो रकाना कोरा सोडतात. आमचं स्पष्ट मत असं की तो कोरा सोडणं म्हणजे निर्णय दुसऱ्यांच्या हाती देणं. दोन डेमोक्रॅटांच्या लढतीत मॉडरेट उमेदवाराची भिस्त बऱ्याचदा याच मतांवर असते.

"महापौराच्या निवडणुकीत दहा पसंत्या मागतात. सगळ्या भरायच्या का? आणि पहिल्या फेरीत पुढे असलेला हरतो कसा?" — वाचक, सॅन फ्रान्सिस्को

सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून पसंतीक्रमाची पद्धत आहे. ओकलंड, बर्कली आणि सॅन लिअँड्रोत २०१० पासून. सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या मोजतात. कुणालाच निम्म्याहून जास्त नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे सरकतात. असं कुणी निम्मं ओलांडेपर्यंत. २०२४ मध्ये १३ उमेदवार होते. डॅनियल लुरी पहिल्या फेरीत साधारण एक-चतुर्थांश मतांवर होते, महापौर लंडन ब्रीड त्यांच्या जरा मागे. शेवटी लुरी सुमारे ५५-४५ ने जिंकले. पीछेहाट भरून काढायची असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंत्या गोळा कराव्या लागतात. ओकलंडमध्ये २०१० साली डॉन पेराटा पहिल्या फेरीत जवळपास दहा टक्क्यांनी पुढे होते, तरी जीन क्वान जिंकल्या. तिथेच २०२२ मध्ये लोरेन टेलर पहिल्या फेरीत पुढे, आणि शेंग थाओ अखेर ६७७ मतांनी विजयी. (दोनच वर्षांनी थाओ यांचाही रिकॉल झाला, ती पुन्हा वेगळी कथा.)

भरताना एवढं सांभाळा:

- दहाच्या दहा भरायलाच हव्यात असं नाही. पण शेवटच्या लढतीत असू शकतील अशा दोघा-तिघांपैकी निदान एक तुमच्या यादीत हवा. नाही तर तुमची मतपत्रिका मध्येच 'संपते' आणि अंतिम फेरीत तिचा हिशेब नसतो.
- एकाच उमेदवाराला दहाही रकान्यांत भरल्याने त्याला जास्त मतं मिळत नाहीत. एकच धरतात, बाकी नऊ वाया.
- एकाच रकान्यात दोन नावं रंगवली तर मोजणी तिथेच थांबते.
- रकाना रिकामा राहिला तर पुढची पसंती वर सरकते.

हा शेवटचा नियम यंत्रात नीट बसवला नाही की काय होतं ते अ‍ॅलामीडा काउंटीने २०२२ मध्ये दाखवून दिलं. ज्यांनी पहिला रकाना कोरा सोडून दुसऱ्यापासून सुरुवात केली होती, त्यांची मतं पहिल्या फेरीत वर सरकवायच्या ऐवजी यंत्राने बाजूला ठेवली. ओकलंडच्या शाळा मंडळाच्या एका जागेवर त्यामुळे भलताच उमेदवार विजयी म्हणून जाहीर झाला. बाहेरच्या अभ्यासकांनी आकडे पुन्हा चालवले तेव्हा ते उघडकीस आलं आणि पुढच्या वर्षी कोर्टाने खऱ्या विजेत्याला जागा दिली.

"आमच्याकडे नगरपरिषद आणि शाळा मंडळाच्या उमेदवारांपुढे पक्षच लिहिलेला नसतो. मग निवडायचं कशावरून?" — वाचक, कुपर्टिनो

कॅलिफोर्नियात स्थानिक पदं कायद्यानेच बिनपक्षी आहेत. आणि लिहिला असता तरी बहुतेकांपुढे एकच शब्द आला असता, त्यामुळे फारसं बिघडलेलं नाही. आम्ही या क्रमाने बघायला सांगतो.

आधी पैसा. दोन हजार डॉलर किंवा जास्त गोळा वा खर्च करणाऱ्या उमेदवाराला 'फॉर्म ४६०' भरावा लागतो. तो सिटी क्लार्कच्या संकेतस्थळावर मिळतो. १०० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि नोकरी कुठे, ते त्यात असतं. बिल्डर, घरमालकांच्या संघटना, कामगार संघटना की शेजारपाजारचे निवृत्त लोक, हे दहा मिनिटांत कळतं. पुष्कळदा मोठा पैसा उमेदवाराच्या खात्यात न येता स्वतंत्र समितीमार्फत खर्च होतो. म्हणून घरी आलेल्या पत्रकावर 'पैसे कुणी दिले' ही तळातली बारीक ओळ वाचायची सवय लावून घ्या.

मग पाठिंबा. इथे एक सापळा आहे. निवडणुकीच्या तोंडावर 'डेमोक्रॅटिक मतदारांसाठी मार्गदर्शक' वगैरे भारदस्त नावाची रंगीत कार्डं येतात. त्यांतली बरीचशी धंदेवाईक असतात, पक्षाशी संबंध नसतो, उमेदवार पैसे मोजून त्यावर झळकतो. कायद्याने अशा नावापुढे तारांकन छापावं लागतं. तारा दिसला की जाहिरात समजा. पक्षाच्या काउंटी समितीची खरी यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते.

तिसरी गोष्ट शहरागणिक बदलते, ती म्हणजे भांडणाचा विषय. सॅन होजेत प्रोग्रेसिव्ह-मॉडरेट हे शब्द कमी ऐकू येतात. तिथली जुनी विभागणी कामगार संघटना विरुद्ध उद्योजक अशी आहे. २०२२ मध्ये उद्योजकांकडचे मॅट मेहान कामगारांकडच्या सिंडी चावेझ यांच्यावर निसटते जिंकले. तुमच्या कुपर्टिनोत सगळं घरबांधणीभोवती फिरतं. ओस पडलेल्या वॅल्को मॉलच्या जागेवर २०१६ मध्ये दोन परस्परविरोधी प्रस्ताव होते, एक बांधकामाला लगाम घालणारा, दुसरा बिल्डरचा. मतदारांनी दोन्ही पाडले. मग २०१८ मध्ये राज्याच्या 'एसबी ३५' कायद्याचा आधार घेऊन प्रकल्पाला मंजुरी मिळाली, शहराच्या राजकारणाला वळसा घालून. त्यामुळे उमेदवाराला एकच नेमका प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: राज्याने ठरवून दिलेला घरांचा कोटा तुम्ही कुठल्या रस्त्यांवर बसवणार? 'परवडणारी घरं हवीत' असं तर सगळेच म्हणतात. रस्त्याचं नाव घ्यायची वेळ आली की खरी बाजू कळते.

"जातिभेदविरोधी विधेयकाच्या वेळी कोणता पक्ष कुठे होता?" — वाचक, नागपूर

हेवर्ड-फ्रीमाँट भागाच्या राज्य सिनेटर आयशा वहाब यांनी २०२३ मध्ये 'एसबी ४०३' मांडलं. त्या डेमोक्रॅट. डेमोक्रॅटांचंच बहुमत असलेल्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी, तेही डेमोक्रॅट, ते नाकारलं. सध्याच्या कायद्यांत असा भेदभाव आधीच बेकायदा आहे, वेगळ्या विधेयकाची गरज नाही, असं कारण दिलं. आंबेडकरी संघटना आणि हिंदू संघटना दोन्हीकडून जोर लावत होत्या आणि दोघांचेही दरवाजे ठोठावणं चाललं होतं ते एकाच पक्षाच्या कार्यालयांत.

"२०२४ मध्ये इथले भारतीय मोठ्या संख्येने ट्रम्पकडे गेले असं ग्रुपवर फिरत होतं. खरं काय?" — वाचक, डब्लिन

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: सगळ्या भागाचा कल आणि भारतीयांचा कल. आधी टक्के सोडून मतं मोजा. सॅन फ्रान्सिस्कोत बायडेन यांना २०२० मध्ये साधारण ३ लाख ७८ हजार मतं होती, हॅरिस यांना ३ लाख २४ हजार. म्हणजे ५४ हजारांची घट. ट्रम्प ५६ हजारांवरून साडेबासष्ट हजारांवर गेले, म्हणजे वाढ सहा हजारांची. मतदान ८६ टक्क्यांवरून ७९ वर आलं होतं. तिथला 'कल' बराचसा घरी बसलेल्या आणि शहर सोडून गेलेल्या डेमोक्रॅटांनी बनवला. सांता क्लारामध्ये ट्रम्प यांचा वाटा साधारण २५ वरून २८ टक्के झाला. (तेवढ्याने काउंटी लाल होत नाही, पण मतं दोन लाखांवर जातात. अख्ख्या वायोमिंग राज्यात ट्रम्प यांना त्यापेक्षा कमी पडली.)

भारतीयांबद्दल सर्वांत नीट पाहणी कार्नेगी संस्थेची. २०२४ च्या निवडणुकीआधी देशभरातल्या नोंदणीकृत भारतीय-अमेरिकन मतदारांपैकी ६१ टक्के हॅरिस यांच्या आणि ३२ टक्के ट्रम्प यांच्या बाजूने होते. ट्रम्प यांचा आकडा चार वर्षांपूर्वीपेक्षा वाढलेला आहे आणि वाढ मुख्यतः चाळिशीच्या आतल्या पुरुषांत आहे. 'मोठ्या संख्येने गेले' हे खरं नाही. 'पूर्वीसारखे एकगठ्ठा नाहीत' हे खरं.

तुमच्या भागाचं स्वतः तपासता येतं. काउंटीच्या मतदार नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या निवडणुकांत 'स्टेटमेंट ऑफ व्होट' नावाची तक्ता-फाइल असते. आपल्या प्रिसिंक्टचा, म्हणजे मतदान विभागाचा क्रमांक शोधा. अध्यक्षपदाची ओळ आणि प्रस्ताव ३६ ची ओळ शेजारी ठेवा. दोन्हींत पडलेली एकूण मतंही बघा. खालच्या रकान्यात ती कमी झालेली दिसतील, ते कोरे सोडणारे. मग २०२० ची फाइल काढा. पण सावधान: जनगणनेनंतर २०२१ च्या अखेरीस मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, प्रिसिंक्टही जोडले-तोडले गेले, त्यामुळे क्रमांक तोच असला तरी गल्ल्या त्याच असतील असं नाही. नकाशा जुळवल्याशिवाय तुलना करू नका.

आणि 'आमच्या प्रिसिंक्टमध्ये निम्मे भारतीय, ट्रम्पना ३० टक्के, म्हणजे भारतीयांनी दिले' हा हिशेब चुकीचा. ते ३० टक्के उरलेल्या निम्म्यांचेही असू शकतात. शिवाय त्या निम्म्या भारतीयांतले कितीतरी एच-१बी वर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, त्यांना मतच नाही. तिथला भारतीय मतदार म्हणजे आधीच्या लाटेत आलेली, नागरिकत्व घेतलेली माणसं आणि त्यांची तिथे जन्मलेली मुलं. शेजारी राहणारा तिशीतला इंजिनिअर काय बोलतो त्यावरून त्यांचा अंदाज बांधू नये.

"शाळेसाठीच्या कराला ६० टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले तरी तो पडला. लोकशाहीत हे कसं?" — वाचक, सॅन रमोन

१९७८ च्या प्रस्ताव १३ मुळे. त्याने मालमत्ता कर बांधून टाकला आणि विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक करांना दोन-तृतीयांशांची अट घातली. शाळांचा 'पार्सल टॅक्स', म्हणजे जमिनीच्या दर तुकड्यामागचा कर, त्यात येतो, ६६.७ टक्के हवेत. शाळेच्या इमारतींसाठीचे रोखे मात्र २००० च्या प्रस्ताव ३९ नंतर ५५ टक्क्यांवर मंजूर होतात. म्हणून तुमच्याकडे नवीन व्यायामशाळा उभी राहते आणि शिक्षकांच्या पगाराला पैसे नसतात. नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या करांना साधं बहुमत पुरतं असं कोर्टांनी पुढे ठरवलं. सॅन फ्रान्सिस्कोचा बेघरांसाठी मोठ्या कंपन्यांवरचा कर (प्रस्ताव सी, नोव्हेंबर २०१८) सुमारे ६१ टक्क्यांवर असाच टिकला, पण निकाल लागेपर्यंत दोन वर्षं पैसा अडकून पडला. परवडणारी घरं आणि सार्वजनिक सोयींसाठीच्या स्थानिक रोख्यांची दोन-तृतीयांशांची अट ५५ टक्क्यांवर आणणारा राज्याचा प्रस्ताव ५ हा २०२४ मध्ये पडला, कारण घरमालक डेमोक्रॅटही आधी घरमालक असतो. पार्सल टॅक्सच्या प्रस्तावात ६५ वर्षांवरच्यांना सूट आहे का ते वाचा. बहुधा असते, पण अर्ज केल्याशिवाय लागू होत नाही.

"मला कुठल्याच पक्षात जायचं नाही, म्हणून 'इंडिपेंडंट' वर खूण केली. बरोबर ना?" — वाचक, मिल्पिटास

बहुधा नाही. 'अमेरिकन इंडिपेंडंट' हा एक खराखुरा, उजव्या विचारांचा पक्ष आहे. १९६८ मध्ये वंशविभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या उमेदवारीतून निघालेला. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने त्याच्या नोंदणीकृत मतदारांची पाहणी केली तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश चुकून आत आलेले निघाले. तुम्हाला हवा तो पर्याय 'नो पार्टी प्रेफरन्स'. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन पुन्हा भरा, जुनी नोंद आपोआप बदलते. बिनपक्षी मतदाराला अध्यक्षपदाच्या प्राथमिक फेरीत डेमोक्रॅटांची मतपत्रिका मागून घेता येते, पण ती मागावी लागते. न मागितल्यास अध्यक्षपदाचा रकाना नसलेली मतपत्रिका येते. रिपब्लिकनांची फेरी मात्र त्यांच्या नोंदणीकृत मतदारांपुरतीच आहे.

"मुलगा एच-१बी वर सॅन फ्रान्सिस्कोत आहे. मित्र म्हणतात शाळेच्या निवडणुकीत तुलाही मत आहे. खरं का? आणि त्याने इथलं मत कसं द्यायचं?" — वाचक, ठाणे

मित्रांचं खरं आहे, पण जपून. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ च्या प्रस्ताव एन ने नागरिक नसलेल्या पालकांना शाळा मंडळाच्या निवडणुकीत मताधिकार दिला. २०२२ मध्ये एका न्यायाधीशाने तो रद्द केला, २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने परत दिला. फक्त याच शहरात राहणारे, १९ वर्षांखालच्या मुलाचे पालक, आणि फक्त शाळा मंडळासाठी. त्यासाठी अर्ज वेगळा असतो आणि मतपत्रिकाही वेगळी. ही माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती लागू शकते असा इशारा शहर स्वतःच देतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.

सामान्य मतदार नोंदणीच्या जवळपासही जाऊ नये. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं तर पुढे नागरिकत्व अडतं, देश सोडावा लागू शकतो. धोका वाहन परवान्याच्या खिडकीवर असतो: तिथे मतदार नोंदणी जोडलेली आहे आणि २०१८ मध्ये त्या खात्याच्या चुकीने सुमारे दीड हजार अपात्र लोकांची नोंद झाली होती. नागरिकत्वाच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिल्याची पावती जपून ठेवा, आणि चुकून मतपत्रिका घरी आलीच तर ती न भरता काउंटीला लेखी कळवून नोंद रद्द करून घ्या. उमेदवाराला देणगीही एच-१बी वाल्याने द्यायची नाही, पाच डॉलरचीसुद्धा. ग्रीन कार्डवाल्याला चालते. बिनपगारी प्रचाराला, पत्रकं वाटायला हरकत नाही.

इथल्या मतासाठी: पासपोर्ट भारतीय आहे तोवर 'फॉर्म ६ए' भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. मत मात्र ठाण्याला येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं, टपालाने नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की हा हक्क संपतो आणि ओसीआय कार्डाने तो परत मिळत नाही.

"टपालाने दिलेलं माझं मत सही जुळत नाही म्हणून अडकलं. आणि मोजणीला इतके आठवडे का लागतात?" — वाचक, सांता क्लारा

दोन्हींचं मूळ एकच. कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला घरी मतपत्रिका जाते आणि परत आलेल्या प्रत्येक लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. मराठी मंडळींचा घोटाळा नेहमीचा: परवान्यावर घाईत इंग्रजी गिरगोटा, लिफाफ्यावर भारतीय पासपोर्टच्या सवयीने देवनागरी सही. कुठल्याही लिपीत करा, पण नोंदीत आहे तीच करा. बदलली असेल तर नोंदणीचा अर्ज नव्या सहीने पुन्हा पाठवा. काउंटीकडून पत्र आलं असेल तर सोबतचा फॉर्म मुदतीत सही करून धाडा, मत मोजलं जाईल.

मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असेल तर सात दिवसांनी पोचलेला लिफाफाही धरतात. त्यामुळे रात्री आठला मतदान संपल्यावर पाऊण तासाने जो पहिला आकडा येतो, तो आठवडाभर आधी पाठवणाऱ्यांचा असतो: वयस्क, घरमालक, जरा मॉडरेट. शेवटच्या दिवशी पेटीत टाकणारे तरुण आणि भाडेकरू नंतर मोजले जातात, म्हणून सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडमध्ये प्रोग्रेसिव्ह उमेदवार दिवसागणिक वर सरकताना दिसतो. दोन-तीन टक्क्यांच्या फरकाची लढत असेल तर पहिल्या रात्री कुणाचंही अभिनंदन करू नका. काउंटीला निकाल प्रमाणित करायला साधारण महिना मिळतो.

मतपत्रिका कुठवर पोचली याचे संदेश फोनवर मिळवता येतात. राज्याच्या 'व्हेअर्स माय बॅलट' सेवेत एकदा नाव घातलं की लिफाफा मिळाला, सही जुळली, मत मोजलं, असे तिन्ही टप्पे कळतात. सहीची अडचण असेल तर पत्राच्या आधी तिथे दिसते.